तेरा घरांनी परत केलेले नारळ

संघटनांनी आणि मोर्च्यांनी लोकशाहीचं वाटोळं केलं, असं मला पाटोद्याच्या स्टँडवर एक रिटायर गुरुजी म्हणाले. पुढं कुठं तरी रस्ता रोको चालला होता आणि आमची एसटी तासभर जागची हलली नव्हती. गुरुजींचं म्हणणं असं, की माणसानं मत द्यावं आणि घरी बसावं. मधल्या पाच वर्षांत चार टाळकी गोळा करून सरकारच्या नरड्यावर बसणं ही लोकशाही नव्हे, दांडगाई आहे. मी काही बोललो नाही. आमच्या घरात बोलायचं काम बायकोचं होतं, आणि ती जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. पण गुरुजींचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते अर्धं खरं होतं. कोणतं अर्धं खरं आणि कोणतं खोटं, हे मी माझ्या गावात डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही मला माझ्या कारभारणीनं दाखवलं. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंत झालेली. चुकलं तर नीट करून वाचा.

आम्ही मेंढरंवाले. गावात आमची चौदा घरं, बाकी सगळे शेतकरी. जमीन आमच्यात कुणाला एकर, कुणाला तीही नाही. पण आमच्या मेंढरांवाचून गावाचं चालत नाही, आणि गावावाचून आमचं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतो. दिवसभर चरायचं आणि मुक्कामाला त्याच्या रानात जाळीच्या आत बसायचं. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, दोन-तीन सालं पिकाला दुसरं खत बघावं लागत नाही. त्याबद्दल तो ज्वारी-बाजरी देतो. कुणाच्या रानात कुणाची मेंढरं, हे पाडव्याला ठरतं. शेतकरी घरी येतो, हातात नारळ देतो. नारळ घेतला की शब्द दिला. त्याला ना कागद, ना साक्षीदार. माझ्या बापाच्या आधीपासून असंच चालत आलंय, आणि नारळ घेऊन कुणी फिरला असं मी कधी ऐकलं नव्हतं.

पाच-सहा वर्षं झाली असतील. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. सरपंच तरुण होता, शिकलेला, मनानं वाईट नव्हता. त्यानं माळावरच्या गायरानात झाडं लावायची योजना आणली होती. झाडं जगवायची तर गायरान पाच वर्षं बंद, एकही जनावर आत जायचं नाही. गावच्या विहिरी माघातच तळ दाखवत होत्या, त्यामुळं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माळ बोडका झालाय हे आम्हालाही दिसत होतं. पण आमची मेंढरं चरायची त्या गायरानात, आणि गायरानाच्या पलीकडं जो पाझर तलाव आहे तिथं पाणी प्यायची. तलावाला दुसरी वाट म्हणजे डांबरी सडकेनं दोन कोसांचा वळसा. वैशाखाच्या उन्हात गाभण मेंढी आणि आठ दिवसांचं कोकरू एवढं चालत नाही. वाट बंद झाली की मेंढरं विकायची, आणि मेंढरं विकली की कोयता हातात घेऊन ऊसतोडीला जायचं. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बायको बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "सरपंच, झाडं लावा. पर आमच्या वाटंचं काय?"

"काकी, गावाच्या भल्याचं हाय. पाच वर्षं कळ काढा."

"मेंढरू पाच दिस पाण्याबिगर कळ काढीत न्हाई, पाच वर्षं कावून काढंल?"

लोक हसले. सरपंचही हसला. मग त्यानं हात वर करायला सांगितलं. ग्रामसेवकानं, म्हणजे भाऊसाहेबांनी, हात मोजले. शेतकऱ्यांचे हात आमच्या पाचपट. ठराव मंजूर झाला, टाळ्या वाजल्या. यात कुणी लबाडी केली नाही, दमदाटी केली नाही. मोजणी बरोबर होती. गुरुजींच्या हिशेबानं आम्ही तिथंच उठून घरी जायला पाहिजे होतं.

संध्याकाळी आमची चौदा घरं बिरोबाच्या देवळापुढं जमली. गडी पुढं, बायका मागं पाराच्या कडेला. पोरं तापली होती. एक म्हणाला तहसीलवर मेंढरं घालू. दुसरा म्हणाला झाडं लावू तर द्या, एका रात्रीत साफ करून टाकू. मी नेहमीसारखा खाली मान घालून काडीनं माती उकरत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. आवाज कुणाचा हे मला बघावं लागलं नाही.

"आपल्याकडं हात कमी हायत," ती म्हणाली, "पर मेंढरं लई हायत. ह्यांनी आपल्याला गायरानात येऊ नका म्हणलं. बरं. आपण ह्यांच्या रानात बसायचं न्हाई. पाडव्याचे नारळ परत करा."

 आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "अगं पर नारळ घेतलाय. शबूद हाय."

"शबूद कधी दिलता? वाट असताना दिलता. आता वाटच काढून घेतली."

एक जण म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं..."

"बाईमाणसानं काय? पाणी शेंदायचं, कोकरं सांभाळायची, लोकर येचायची. तवा बाईमाणूस कुणाला आडवं येत न्हाई."

ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदांपैकी तेरा घरांची माणसं नारळ घेऊन पंचायतीपुढं गेली. कुणी घोषणा दिली नाही, कुणाच्या हातात काठीही नव्हती. एकेकानं पुढं व्हायचं, ओट्यावर नारळ ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. भाऊसाहेब नुकतेच मोटारसायकलवरून उतरले होते. ते म्हणाले, "काय देवकार्य हाय का आज?" ढीग वाढत गेला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. बातमी गावभर फिरली आणि शेतकरी जमायला लागले. त्यातला एक जुना माणूस, माझ्याच वयाचा, माझ्यावरच आला. "आरं, नारळ परत करतोस? असं कुठं असतंय व्हय? तुझ्या बापानं केलं नसतं."

 बायको पुढं झाली. "दाजी, तुमी हात वर केला, आमी नारळ खाली ठिवला. दोन्ही बी कायद्यात बसतंय."

हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. शाळेची पायरी न चढलेली बाई ती. माझी छाती त्या दिवशी अशी भरून आली होती, आणि मी ते तिला बोलून दाखवलं नाही. आमच्यात बायकोला तोंडावर चांगलं म्हणायची रीत नाही. वाईट रीत आहे. आता कळून उपयोग काय.

मेंढरं आम्ही ओढ्यापलीकडच्या गावात नेली. तिथल्या लोकांनी हसत हसत रानं दिली, वर पाण्याचीही सोय केली. सोय पंधरा-वीस दिवसांचीच होती, त्यांच्या विहिरीला तरी कुठलं पाणी असणार. पण तेवढ्या दिवसांत ओढ्यापलीकडची रानं लेंड्यांनी काळी झाली आणि अलीकडची आमच्या गावची रानं पांढरी राहिली. आमचे शेतकरी सकाळी बांधावर उभे राहून पलीकडं बघायचे. पलीकडचा एक जण रोज ओरडायचा, "तुमच्या सरपंचाला आमचा रामराम सांगा! असला सरपंच आमाला मिळंना गेला!" मृग पंधरा-वीस दिवसांवर आला होता. सरपंचाच्या दारात माणसं जाऊन बसायला लागली. आम्ही कुणाची वाट अडवली नव्हती, कुणाच्या पिकात शेळी घातली नव्हती. आपली वस्तू आपण द्यायची का नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं. याला दबाव म्हणायचं तर म्हणा. होता दबाव. ज्याचे हात मोजणीत कमी भरतात, त्यानं आपली गरज गावाला दुसरी कशी दाखवायची?

इथवरची गोष्ट मी अभिमानानं सांगतो. पुढची सांगताना माझी मान खाली जाते, पण ती गाळली तर बायकोची खरी किंमत कळायची नाही.

माझा धाकटा भाऊ आमच्या चौदांतलाच एक. त्यानं पाडव्याला नारळ घेतला होता गावातल्या एका म्हातारीचा. तिचा नवरा मागंच वारला, मुलगा पुण्याला कंपनीत, आणि वरच्या अंगाला दोन एकर बरड. त्या दोन एकरात लेंड्या पडल्या तर बाजरी येते, नाही तर कुसळ. ही म्हातारी ग्रामसभेला आली नव्हती, तिनं कुठलाच हात वर केला नव्हता. नारळ परत करायच्या दिवशी भाऊ तापानं पडून होता. बरा झाला तेव्हा सगळे त्याला म्हणाले, तुझा नारळ राहिलाय, देऊन ये. तो म्हणाला, "नारळ न्हाई. खाल्ला."

झालं असं होतं, की पाडव्यानंतर त्याच्या मेंढीला जुळी कोकरं झाली. त्या खुशीत त्यानं तोच नारळ बिरोबापुढं फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मीही खाल्लं होतं. फोडलेला नारळ परत कसा करणार? पोरं म्हणाली, दुकानातून दुसरा आण. भाऊ डोकं हलवत राहिला. "दुसरा नारळ म्हंजी दुसरा शबूद. माझा शबूद तर देवानं घेतला, तुमी बी खाल्ला." आणि त्यानं सरळ आपली मेंढरं ओढ्यापलीकडनं काढली आणि म्हातारीच्या बरडात नेऊन बसवली.

पुन्हा बिरोबापुढं बैठक झाली. या वेळी बायका नव्हत्या, कुणी बोलावलंच नाही. शेतकरी हसायला लागलेत, आपल्यात फूट पडली असं म्हणतायत, याला धडा शिकवला नाही तर उद्या दुसरा फुटेल. ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. मग एका पोरानं तोड काढली. याच्या कातरणीला कुणी जायचं नाही.

कातरणी म्हणजे काय ते सांगतो. पावसाच्या आधी मेंढरांची लोकर कातरावीच लागते. एकट्यानं खांडभर मेंढरं, म्हणजे अख्खा कळप, कातरायची तर महिना जातो, म्हणून आम्ही सगळे मिळून एकेकाच्या घरी जातो. आज याची, उद्या त्याची. दहा-बारा कातरी एका वेळी चालतात आणि दोन दिवसांत एक खांड मोकळी होते. कातरणी राहिली आणि पाऊस लागला, तर लोकर भिजून ओझं होतं. मेंढरू गारठतं, खोकतं आणि बसल्या जागी मरतं. म्हणजे कातरणीला न जाणं म्हणजे नुसतं रुसणं नव्हे. भावाची मेंढरं मरू द्यायची असा त्याचा अर्थ होता, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता.

"हात वर करा," कुणी तरी म्हणालं.

मी हात वर केला. माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध. मला वाटलं, नाही केला तर म्हणतील रक्ताकडं बघितलं. तेरा घरांचे तेरा हात वर आले. भाऊ उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला.

घरी आलो तर बायकोला सगळं आधीच कळलेलं. ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि मी पहिला घास घेतल्यावर म्हणाली, "सरपंचानं हात मोजून आपली वाट बंद केली. तुमी हात मोजून भावजीची कातरणी बंद केली. फरक काय, ते मला सांगा."

मी म्हणालो, "असं न्हाई केलं तर संघटना मोडंल."

"मोडू द्या की. आपल्यातल्याच गरिबाला मारून जगायची असंल तर ती मोडलेलीच बरी."

"तुला न्हाई कळत."

"मला न्हाई कळत? नारळाचं कुणी सुचवलं?"

मी ताटावरून उठलो. तिनं थांबवलं नाही.

सकाळी खुंटीवर माझी कातर नव्हती. आमच्या गावात बायका कातर धरत नाहीत. लोकर वेचायची, पिंजायची, कातायची ती बाईनं, पण कातर गड्याची. का, ते कुणी विचारलं नव्हतं. बायको माझी कातर पदरात गुंडाळून म्हातारीच्या बरडात गेली होती. मी मागं गेलो, पण बांधावरच थांबलो. खाली भाऊ एक मेंढी पाडून बसला होता आणि त्याच्या शेजारी ही दुसरी मेंढी मांडीत दाबून कातरत होती.

भाऊ म्हणत होता, "वहिनी, सोडा. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मेंढी वाकडी कातरली. म्हणू दे. पाय धरा तिचा."

आणि खरंच लई वाकडी कातरत होती. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती मेंढरं. वाटेनं जाणारी आमची पोरं थांबून हसायला लागली. एक म्हणाला, "काकी, ही मेंढी हाय का फाटकं घोंगडं?"

"तुझ्या मायनं तुझं जावळ काढलं तवा तू बी असाच दिसत हुतास. ये खाली, नीट करून दाव."

पोरगा लाजला, पण आला नाही. ऊन चढलं. तिच्या अंगठ्याला फोड आला तशी तिनं चिंधी बांधली. म्हातारी कपाळाला हात लावून आपल्या झोपडीच्या दारात बसून सगळं बघत होती. मध्येच उठून तिनं दोघांना पाणी दिलं. मी बांधावर. दुपार झाली, ती अकरावी मेंढी होती, आणि बायकोनं एकदाही वर बांधाकडं बघितलं नाही. मी तिथं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. त्या बाईला पाठीलाही डोळे होते.

शेवटी मी खाली उतरलो. जाऊन तिच्या हातातली कातर घेतली. म्हणालो, "सोड. माझी कातर बोथट केलीस."

"केली. आता लावा धार," ती म्हणाली, आणि उठून लोकर गोळा करायला लागली.

एवढीच आमची क्षमा आणि एवढीच आमची समजूत. दिवसभर मी भावाच्या शेजारी बसून कातरत राहिलो. उन्हं कलल्यावर सकाळी हसलेला तो पोरगा आपली कातर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सात जण आले. तिसऱ्या दिवशी कुणी राहिलं नाही. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. तेरा हातांनी केलेला ठराव एका बाईच्या फोडानं रद्द झाला.

मृगाच्या तोंडावर सरपंचानं पुन्हा ग्रामसभा लावली. शेतकऱ्यांचा तगादा होता म्हणून लावली, हे मी नाकारत नाही. आमची मेंढरं दुसरीकडं बसली नसती, तर आमचं ऐकायला कुणी जमलंच नसतं. पण जमल्यावरही सुरुवातीला तणातणीच झाली. एक मोठा जमीनदार म्हणाला, "ह्या लोकांपुढं वाकलं तर उद्या कुणी बी उठंल आन गावाला येठीस धरंल." आमच्या पोरांनी दात ओठ खाल्ले.

तेवढ्यात बरडातली म्हातारी उभी राहिली. ती कधी ग्रामसभेला येत नसे, म्हणून सगळे वळून बघायला लागले.

"माझ्या रानात मेंढरं बसली म्हून ह्यांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकलतं," ती म्हणाली, "आन ह्यांच्याच बाईनं त्याला परत आत घेतलं. म्या दारातून बघितलं. ही माणसं चुकत्यात, पर चुकी सुधारत्यात. तुमी बी सुधारा. ह्यांना वाट द्या."

 सरपंचानं माझ्या बायकोकडं बघितलं. "काकी, वाट दिली तर झाडं कशी जगवायची? वाटंनं जाता जाता मेंढरं ओरबाडणारच."

आणि इथं माझ्या बायकोनं जे सांगितलं ते त्या सभेत एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. "वाटंच्या दोन्ही अंगाला सीताफळ लावा. मेंढरू सीताफळाला तोंड लावीत न्हाई. त्याच्या आत तुमची बाकीची झाडं लावा. झाड बी राहील, वाट बी राहील."

भाऊसाहेब खाली बघून लिहायला लागले. पुढचं मग भराभर ठरलं. गायरानाचे तीन भाग करायचे, दोन बंद, एक चराईला उघडा, आणि पाळीपाळीनं बदलायचं. तलावाची वाट कायम उघडी. सगळं झालं असं वाटलं तेव्हा ती पुन्हा उठली. "थांबा. आमच्यावर बी लिवा. बंद भागात ज्याचं मेंढरू सापडंल, त्यानं महिनाभर उघड्या भागात बी चारायचं न्हाई."

आमचीच पोरं कुजबुजली, "काकी, कावून आपल्याच पायावर धोंडा?" ती म्हणाली, "एकाच बाजूवर लिवलेला कागद दोन दिस टिकत न्हाई." तो ठराव भाऊसाहेबांनी मोठ्यानं वाचला, तिनं दोनदा वाचायला लावला, आणि अंगठा दिला. आम्ही चौदा घरांनी दिला.

पुढच्या सालीच बंद भागात मेंढरं सापडली. कुणाची? माझी. बाभळीखाली डोळा लागला माझा. बघितलं कुणी नव्हतं. बायकोनं जेवताना विचारलं, मी सांगून टाकलं, आणि सकाळी ती स्वतः पंचायतीत जाऊन सांगून आली. महिनाभर मी दोन कोस लांब मेंढरं नेत होतो आणि सगळं गाव मला हसत होतं. मी तिला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "घाला. चालल्यानं पाय मोकळे होत्यात." पण त्यानंतर आमच्या शब्दाला गावात जे वजन आलं, ते नारळाच्या ढिगानं आलं नव्हतं.

आज त्या वाटेच्या दोन्ही बाजूला सीताफळाची झाडं डोक्याएवढी उंच झालीत. आत लिंब आणि चिंच उभी आहेत. मेंढरं मधून जातात आणि तलावावर पाणी पितात. चौदांपैकी एकाही घरानं मेंढरं विकली नाहीत, एकानंही त्या कारणानं कोयता घेतला नाही. एवढ्यासाठी माझ्या बायकोचा फोटो कुठल्या ऑफिसात लागलेला नाही आणि तिला तो आवडलाही नसता.

संक्रांतीच्या आधी ती गेली. ताप आला, नेकनूरला दाखवलं, तिथून बीडला नेलं. छातीत पाणी झालं होतं. पाचव्या दिवशी मी तिला घरी आणली ती झाकूनच. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. सकाळी चूल पेटवताना अजून मी दोन माणसांचा चहा टाकतो, आणि दोन्ही कप मीच पितो.

या उन्हाळ्यात बिरोबापुढं पुन्हा बैठक झाली. पोरांचं म्हणणं, झाडं आता मोठी झालीत, सगळं गायरान उघडून मागू. नाही म्हणाले तर परत नारळ ओट्यावर. एकदा वाकले, आताही वाकतील. सगळ्यांना पटत होतं. मला दिसत होतं, की पोरांना आता वाटेची गरज नव्हती, वाट तर होतीच. वाकवायची चटक लागली होती. गुरुजी जे म्हणाले त्यातलं खरं अर्धं ते हेच.

मी सत्तरी ओलांडलेला माणूस, बैठकीत कधी बोललो नव्हतो. उभा राहिलो तर सगळ्यांना वाटलं उठून घरी चाललाय.

"न्हाई," मी म्हणालो. "वाट न्हवती तवा नारळ परत केले. आता वाट हाय. पाळी ठरल्याली हाय, अंगठे आपले हायत. बंद भाग पाळीनं उघडंल तवा उघडंल. आता नारळ परत केला तर ते मागणं न्हाई, ती खंडणी हाय."

"म्हातारबा, तुमी आमच्याकडनं का शेतकऱ्याकडनं?" एक जण म्हणाला.

"मी अंगठ्याकडनं."

"मग हात मोजू."

"मोजा. पर एक ध्यानात ठिवा. हात मोजून आपण एकदा माझ्या भावाची मेंढरं मारायला निघालतो. माझा बी हात त्यात हुता. आजपर्यंत तो हात मला जड हाय."

 भाऊ समोर बसला होता, तो जमिनीकडं बघत राहिला. कातरणीच्या वेळी हसलेला आणि मग पहिला कातर घेऊन आलेला तो पोरगा आता बापई झालाय. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. पाळी येईल तवा बघू." दोघं-तिघं धुसफुसले, एक म्हणाला म्हातारं खुळावलंय. पण हात मोजायला कुणी उभं राहिलं नाही. बैठक मोडली.

घराकडं येताना भाऊ माझ्याबरोबर चालत होता. बिरोबाचं देऊळ मागं पडलं. मग तो म्हणाला, "दादा, वहिनी असती तर ह्याच्यापरीस लई बोलली असती."

"हो," मी म्हणालो. "आन पोरांनी हसत हसत ऐकलं असतं."